पन्नाशीनंतरचा खनिजांचा हिशेब

(मकरसंक्रमण उत्सवानिमित्त योजलेल्या महिला मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



संक्रांत आली की घरोघरी तीळ येतो. तीळ निवडणे, भाजणे, गुळाचा पाक करणे, लाडू वळणे ही कामे ज्या हातांनी होतात, ते हात बहुधा पन्नाशी ओलांडलेल्या गृहिणीचे असतात. लाडू डब्यात भरले जातात, पाहुण्यांना वाटले जातात, मुलांच्या आणि नातवंडांच्या वाट्याला येतात. ज्या हातांनी ते वळले, त्या हातांच्या वाट्याला शेवटी डब्याच्या तळाशी उरलेला चुरा येतो. हे दृश्य आपल्याला इतके परिचित आहे की त्यात काही विपरीत आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

त्याच गृहिणीच्या उशाशी आज आणखी एक डबी दिसू लागली आहे. तीत गोळ्या असतात. एक कॅल्शियमची, ती शेजारणीने सुचवलेली. एक मॅग्नेशियमची, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेली. तिसरी अनेक खनिजे एकत्र असलेली, परदेशी राहणाऱ्या मुलाने प्रेमाने पाठवलेली. शिवाय आठवड्याला एक ड जीवनसत्त्वाची पुडी. डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली आणि दोन वर्षे उलटली तरी चालूच असलेली. या गोळ्यांची गरज आहे का, ताटातून काय मिळते, कमी नेमके काय पडते, हे प्रश्न मात्र कोणी विचारलेले नसतात.

लाडवाचा चुरा आणि गोळ्यांची डबी या दोन चित्रांमध्ये आजचा विषय सामावलेला आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या हाडांना, स्नायूंना आणि चयापचयाला खनिजांची गरज असते, हे निर्विवाद. ती गरज कोठून आणि किती भागवायची, याचा हिशेब मात्र घरात मांडला जात नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

देहात नेमके काय घडते?

रजोनिवृत्ती हा आजार नव्हे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतचा सांगितला आहे. आजच्या भारतीय स्त्रीमध्ये ही अवस्था सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. पाश्चात्त्य स्त्रीच्या तुलनेत हे वय काही वर्षांनी अलीकडचे आहे. म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा, किंबहुना त्याहूनही मोठा काळ, तिला या अवस्थेनंतर जगायचा असतो.

हाड ही निर्जीव वस्तू आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हाड सतत मोडले आणि बांधले जात असते. जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे बांधकाम करणाऱ्या पेशी यांचे काम जन्मभर चालू असते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर ते झपाट्याने घटते, आवर सुटतो आणि बांधकामापेक्षा मोडतोड अधिक होऊ लागते. पहिल्या पाच-सात वर्षांत ही झीज सर्वांत वेगाने होते.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डॉ. फुलर ऑलब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली प्रथम हा संबंध स्पष्टपणे मांडला. मणके दबून पाठीला पोक आलेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रिया रजोनिवृत्तीनंतरच्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आले. त्यापूर्वी वाकलेल्या पाठीकडे केवळ म्हातारपणाची खूण म्हणून पाहिले जाई. आपल्या घरांत आजही पुष्कळदा तसेच पाहिले जाते. 'वयोमानाप्रमाणे व्हायचेच' या एका वाक्यात आईच्या कंबरदुखीची वासलात लावली जाते.

हाडांचा हा ठिसूळपणा आवाज न करता वाढतो. पहिला इशारा अनेकदा पडताना टेकलेल्या हाताचे मनगट मोडल्यावर मिळतो. पुढे मणके दबू लागतात, उंची कमी होते. शेवटी न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. खुब्याचे हाड मोडल्यानंतर जी स्त्री कालपर्यंत घर सांभाळत होती, तिलाच सांभाळण्याची वेळ घरावर येते. कित्येक जणी त्यातून पुन्हा पूर्वीसारख्या हिंडू-फिरू शकत नाहीत. हे टाळता येण्याजोगे दुःख आहे, म्हणून या हिशेबाला महत्त्व.

कॅल्शियम : गोळीने काय साधले, काय नाही

प्रौढ देहात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्याचा ९९ टक्के भाग हाडांत व दातांत असतो. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत असतो. हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठणे ही कामे त्यावर चालतात. हा एक टक्का कमी पडू लागला की शरीर हाडांच्या तिजोरीतून उचल करते. आहारातून भरणा झाला नाही, तर उचल चालूच राहते. इतपत गणित सरळ आहे. म्हणून 'कॅल्शियमची गोळी घ्या, हाडे बळकट होतील' हा निष्कर्षही सरळ वाटतो. अनुभव मात्र इतका सरळ नाही.

१९९२ साली फ्रान्समधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वृद्धाश्रमांत राहणाऱ्या, सरासरी ८४ वर्षे वयाच्या ३,२७० स्त्रियांपैकी काहींना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० एकक ड जीवनसत्त्व देण्यात आले, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. दीड वर्षात पहिल्या गटात खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष फार आशादायक होता.

पुढे अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ स्त्रियांवर असाच प्रयोग झाला. त्यांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० एकक ड जीवनसत्त्व देण्यात आले. सरासरी सात वर्षांनंतरचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. खुब्याच्या हाडाची घनता सुमारे एका टक्क्याने अधिक राहिली, पण अस्थिभंगांत निःसंशय म्हणता येईल अशी घट दिसली नाही. मूतखड्याचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढले.

एकच उपाय दोन ठिकाणी इतका वेगळा का ठरला? फ्रान्समधील त्या वृद्धा बंदिस्त जागेत राहणाऱ्या होत्या. ऊन आणि कॅल्शियम या दोन्हींचा तेथे दुष्काळ होता. अमेरिकेतील स्त्रियांना मुळातच सरासरी हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळत होते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतले तर ते सांडणारच. येथे ते मूत्रमार्गाने सांडले. खनिजाची गोळी उणीव भरून काढते. उणीव नसेल तेथे ती बळ वाढवीत नाही. आजच्या सगळ्या विषयाची ही गुरुकिल्ली होय. अमेरिकेच्या आरोग्य कृतिदलानेही २०१८ साली घरी राहणाऱ्या निरोगी स्त्रियांना अस्थिभंग टाळण्यासाठी अशा मात्रेच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत, असे सुचवले.

हृदयाचाही प्रश्न उपस्थित झाला. गोळ्यांतून कॅल्शियम घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण काहीसे अधिक दिसते, असे एका विश्लेषणात २०१० साली मांडले गेले. २०१६ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थांनी ठरलेल्या मर्यादेत घेतलेल्या कॅल्शियमचा हृदयविकाराशी संबंध आढळत नाही, असे सांगितले. या वादातून घ्यायचा बोध एवढाच, की आहारातील कॅल्शियमविषयी अशी शंका सहसा घेतली जात नाही. शंका आहे ती गोळ्यांच्या अतिरेकाविषयी.

फ्लोराइडचा धडा

खनिज जितके अधिक, तितके हाड मजबूत, हा समज किती महाग पडू शकतो याचे एक उदाहरण आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ठिसूळ हाडांच्या २०२ स्त्रिया सहभागी झाल्या होत्या. सर्वांना कॅल्शियम आणि त्यांतील निम्म्यांना त्यासोबत रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, असे चार वर्षे देण्यात आले. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली. यंत्राच्या दृष्टीने हा विजय होता. प्रत्यक्षात मणक्यांचे अस्थिभंग लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत आणि हातापायांची हाडे अधिक मोडली. हाड दाट झाले होते, पण कणखर झाले नव्हते.

भारताला या धड्यासाठी अमेरिकेत जाण्याची आवश्यकता नव्हती. तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात पाण्यातील फ्लोराइडमुळे हाडे ताठरलेल्या माणसांचे वर्णन १९३७ सालीच वैद्यकीय नियतकालिकात आले होते. नलगोंडा जिल्ह्यातील वाकलेली माणसे आपण छायाचित्रांत पाहिली आहेत. पाण्यातील फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धती' नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केली, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट. आपल्याकडेही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना हा प्रश्न भेडसावत आला आहे. खनिज उपकारक की अपकारक, हे मात्रेवर ठरते. अन्नाला हा नियम लागू आहे, औषधाला आहे आणि पूरक गोळ्यांनाही आहे.

घरखर्चाच्या वहीसारखी एक वही

आपल्या घरांतून घरखर्चाची वही ठेवण्याची रीत होती. दुधाचे किती, वाण्याचे किती, हे त्या वहीत रोज टिपले जाई. तसाच हिशेब एका आठवड्यापुरता कॅल्शियमचा मांडून पाहावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१० साली प्रौढांसाठी रोज ६०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली होती; २०२० साली ती १,००० मिलिग्रॅम झाली. अमेरिकेत पन्नाशीनंतरच्या स्त्रीसाठी १,२०० मिलिग्रॅम हा आकडा मानला जातो. आपण हजार ते बाराशे हे उद्दिष्ट धरू.

आता जमेची बाजू. गाईच्या २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाटीभर दह्यात २०० च्या आसपास. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे एका मध्यम भाकरीत १८०. तिळाच्या दोन चमचे चटणीत शंभराच्या वर. शेवग्याचा पाला किंवा मेथी यांची भाजी वाटीभर घेतली, तर दोनशेच्या घरात. ही बेरीज नऊशेच्या पुढे जाते. वरण, उसळ, पोळी यांतून मिळणारे मिळवले की हजाराचा टप्पा गाठला जातो. या घरातील स्त्रीला कॅल्शियमच्या गोळीची बहुधा आवश्यकता नाही, किंवा असलीच तर नाममात्र.

दुसऱ्या घरातील वही पाहू. दूध फक्त चहापुरते. दही मुलांना. भाकरी मागे पडून पोळी आणि पॉलिश केलेला तांदूळ. पालेभाजी आठवड्यातून एकदा आणि तीही सर्वांना वाढून झाल्यावर उरली तर. येथे बेरीज तीनशे-चारशेवर अडते. ही खरी उणीव आहे आणि आहार सुधारेपर्यंत, किंवा तो सुधारता येत नसेल तर, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली गोळी येथे कामाची आहे. एकच गोळी पहिल्या घरी अनावश्यक ठरते आणि दुसऱ्या घरी उपयोगी पडते. शेजारणीच्या सल्ल्यावर गोळी सुरू करण्यातला दोष तो हाच.

जमेइतकाच वजावटीकडेही डोळा हवा. पालकात कॅल्शियम पुष्कळ असते, पण त्यातील ऑक्झॅलेटमुळे शरीरात त्याचा जेमतेम पाच टक्के भाग शोषला जातो. दुधातील पाव हिश्श्याहून अधिक शोषला जातो. धान्ये, डाळी आणि तीळ यांतील फायटेट हे द्रव्यही खनिजांना अडवून धरते. नाचणीला मोड आणून सत्त्व करणे, आंबील करणे, पीठ आंबवणे, डाळी भिजवून मोड आणणे या आपल्या स्वयंपाकघरातील रीती फायटेट कमी करतात. जुन्या गृहिणींना फायटेट हा शब्द ठाऊक नव्हता, पण रीत मात्र अचूक होती. मीठ ही मात्र आपली कमजोरी. लोणचे, पापड आणि फरसाण यांतून जाणारे जादा मीठ लघवीवाटे कॅल्शियमही सोबत घेऊन जाते, शिवाय रक्तदाब वाढवते. किनारपट्टीवरील मत्स्याहारी घरांत काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि सुका जवळा हेही कॅल्शियमचे चांगले स्रोत आहेत. खारवलेल्या सुक्या मासळीतील मीठ तेवढे ध्यानात ठेवावे.

मॅग्नेशियम, स्नायू आणि साखर

कॅल्शियमचा गाजावाजा होतो. मॅग्नेशियमची आठवण होते ती पोटऱ्यांत गोळे आले की. देहात मॅग्नेशियम अवघे २५ ग्रॅमच्या आसपास असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले मुख्यतः स्नायूंत. पेशींतील ऊर्जेची देवघेव मॅग्नेशियमवाचून होत नाही. ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तयार होण्यासाठीही ते लागते. स्त्रीला दिवसाला साधारण ३२० मिलिग्रॅम पुरते. ज्वारी-बाजरीच्या दोन भाकऱ्यांतून शंभराच्या वर मिळते. हरभरा, शेंगदाणे, तीळ आणि पालेभाज्या उरलेले पुरवतात. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र ते फार थोडे उरते. भाकरी ताटातून गेली, तिच्याबरोबर पुष्कळ मॅग्नेशियमही गेले.

रात्रीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमच्या पूरक मात्रेचा उतारवयात फारसा उपयोग होत नाही, असे २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली झालेल्या पद्धतशीर परीक्षणांतून दिसून आले. रक्तातील साखरेच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. ज्या मधुमेही व्यक्तींत मॅग्नेशियम खरोखर कमी असते, त्यांना ते भरून दिल्यावर काही लाभ दिसतो. सर्वांनाच तो होतो, असे सिद्ध झालेले नाही. ते कमी कोणात असते? दीर्घकाळ आम्लपित्ताच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत, लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांत, अनियंत्रित मधुमेहींत. आपल्याकडे आम्लपित्ताची गोळी चहाच्या आधी, वर्षानुवर्षे घेतली जाते. तिचा मॅग्नेशियमशी संबंध असू शकतो, हे अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०११ साली जाहीरपणे बजावले आहे. अशा वेळी नवी गोळी वाढवण्याआधी जुनी गोळी खरोखर हवी आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

साखरेचा प्रश्न आपल्यासाठी विशेष गंभीर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय देहाच्या 'बारीक, पण चरबीयुक्त' ठेवणीकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो म्हणून निरोगी आहोत, या समजाला त्या छायाचित्राने तडा दिला. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाभोवती जमू लागते आणि स्नायू घटू लागतात. अन्नातील साखर सर्वाधिक प्रमाणात साठवणारे कोठार म्हणजे स्नायू. ते कोठारच आक्रसले, तर साखर रक्तात रेंगाळणार. हाड, स्नायू आणि मधुमेह ही तीन दुखणी एकमेकांच्या शेजारीच राहतात.

जस्त, क्रोमियम, सेलेनियम यांच्या गोळ्याही बाजारात चयापचयाच्या नावाने विकल्या जातात. दीर्घकाळ घेतलेले जादा जस्त शरीरातील तांबे कमी करते. सेलेनियम रोज घेणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. लोहाचेही तसेच. मासिक पाळी थांबल्यावर लोहाची गरज घटते. तरीही रक्तक्षय असेल, तर गोळी सुरू करून थांबू नये. रक्त कोठून जाते आहे याचा शोध घ्यावा. आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर थोडाही रक्तस्राव झाला, तर संकोच बाजूला ठेवून तत्काळ तपासणी करून घ्यावी.

ऊन आणि भार

ड जीवनसत्त्वावाचून कॅल्शियम नीट शोषले जात नाही आणि ते घडवणारा सूर्य आपल्याकडे मुबलक आहे. तरीही दिल्लीतील निरोगी माणसांत ड जीवनसत्त्व कमी असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. सकाळचे कोवळे ऊन यासाठी पुरेसे नाही. सूर्य बराच वर आल्यानंतरचे ऊन हात, पाय, चेहरा यांवर काही वेळ पडावे लागते. सदनिकेत राहणाऱ्या, दुपारी पडदे ओढून बसणाऱ्या स्त्रीला ते मिळत नाही. रक्त तपासून उणीव दिसली, तर डॉक्टर पुडी देतात. पण ती ठरलेल्या मुदतीतच घ्यावी. ती वर्षानुवर्षे घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते.

भार पेलल्यावाचून हाड बळकट राहत नाही. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात हाडांची घनता कमी असलेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या १०१ स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास वजने उचलण्याचा व्यायाम केला. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली; दुसऱ्या गटात ती घटली. अर्थात उद्या सकाळी उठून कोणी जड वजने उचलू नयेत. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे, जिना चढणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या हातात घेऊन व्यायाम करणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. सोबत ताटात डाळ, उसळ, दूध, ताक असावे. प्रथिनावाचून स्नायू बनत नाहीत.

योगासने करणाऱ्या भगिनींसाठी एक विशेष सूचना. मणके ठिसूळ झालेल्या स्त्रियांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिल्यास मणके दबण्याचे प्रमाण वाढते, तर पाठ मागे ताणण्याच्या व्यायामात ते बरेच कमी राहते, असे अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील अभ्यासात १९८४ साली आढळले. ज्यांना ठिसूळपणाचे निदान झाले आहे, त्यांनी पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कारातील खोल वाकणे जाणकारांना विचारल्याशिवाय करू नये.

गोळी घ्यायचीच तर

ज्यांना गोळी आवश्यक आहे, त्यांनी ती नीट घ्यावी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम नीट शोषले जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे. सायट्रेट केव्हाही चालते. वेष्टनावरील मोठा आकडा संयुगाचा असू शकतो. १,२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. शंखभस्म, प्रवाळभस्म हीसुद्धा मुख्यतः कॅल्शियमचीच संयुगे आहेत. ती वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि एकूण बेरजेत धरावीत. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी कॅल्शियम वा मॅग्नेशियमची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आणि एकदा ठिसूळपणाचे निदान झाले, किंवा हलक्याशा धक्क्याने हाड मोडले, की केवळ खनिजे पुरत नाहीत. त्यासाठी वेगळी औषधे आहेत. खनिजे त्यांना साथ देतात. वर्षातून एकदा भिंतीला पाठ लावून उंची मोजावी. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घट दिसली, तर डॉक्टरांकडे जावे.

हा हिशेब कोणी ठेवायचा?

येथवर सारे बोलणे जणू त्या एकट्या स्त्रीला उद्देशून झाले. परंतु आपल्या कुटुंबव्यवस्थेत स्त्रीचे ताट तिच्या एकटीच्या हाती नसते. सर्वांना वाढून झाल्यावर बसणे हा तिचा संस्कार आहे आणि त्यामागचा वात्सल्यभाव वंदनीय आहे. पण तिच्या त्या वात्सल्यावर कुटुंबाने वर्षानुवर्षे जगावे आणि तिच्या ताटातील दह्याच्या वाटीकडे कोणी पाहूही नये, हा काही संस्कार नव्हे. सभागृहात बसलेल्या बंधूंना यासाठी मुद्दाम विनंती आहे. घरात दूध किती येते आणि त्यातील किती तिच्या पोटात जाते, हे एक आठवडा पाहावे. सूनबाईंनी सासूबाईंच्या, लेकींनी आईच्या गोळ्यांची डबी एकदा उघडावी आणि ती घेऊन त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. न्हाणीघरात आधारासाठी कठडा बसवून घ्यावा, निसरडी फरशी बदलावी. हे खर्च एका शस्त्रक्रियेच्या मानाने नगण्य आहेत.

आणि भगिनींनो, स्वतःकडे लक्ष देणे हा स्वार्थ नव्हे. घराचा आधार आपण आहात, हे आपल्याला ठाऊक आहे. आधारच खचला तर घराचे काय होते, हेही आपण अनेक घरांत पाहिले आहे. यंदा लाडू वळून झाले की पहिला लाडू देवापुढे ठेवावा, आणि दुसरा डब्यात टाकण्यापूर्वी स्वतः खावा. मधुमेह असेल, तर लाडवाऐवजी भाकरीबरोबर तिळाची चटणी घ्यावी. वर्षभर तीळ, नाचणी, भाकरी, ताक आणि पालेभाजी आपल्याही ताटात असू द्यावी. एवढे करूनही जी उणीव उरेल, तिच्यासाठी गोळी आहेच. तिची जागा ताटानंतरची आहे.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि तो घेताना स्वतःला विसरू नका.